मदत हवी आहे: मुंबईतला जुना बोट क्लब (१९३९ च्या आसपास)

केळेवाडी:
जाणकारांनी कृपया लवकर सांगा. आमच्या गिरगावच्या आजोबांचा चांदीचा कप आहे, बोट क्लबच्या शर्यतीतला, १९३९ चा. आधीची पदकंही आहेत. १९३९ नंतर मात्र काहीच नाही, म्हणजे महायुद्धात क्लब बंद पडला असणार. मुंबईत तेव्हा रोइंगचा कुठला क्लब होता आणि युद्धात त्याचं काय झालं? रविवारी काकांकडे सगळे जमतायत, त्याआधी आजोबांच्या माहितीचा फलक छापायला टाकायचाय. गूगल करून झालंय, ते सुचवू नका.

दर्यावर्दी:
कपावर नेमकं काय कोरलंय? अक्षरन् अक्षर टंका. फोटो डकवलात तर उत्तम.

बिनकामाचा_बाब्या:
मुंबई आणि बोट म्हटलं की रॉयल बॉम्बे यॉट क्लब. १८४६ चा. अपोलो बंदरावरची त्यांची जुनी वास्तू आता अणुऊर्जा खात्याकडे आहे. विषय संपला.

खडूस_काकू:
संपला कसला? स्वातंत्र्यापूर्वी तिथे भारतीयांना सभासद करून घेत नसत. गिरगावातला मुलगा तिथे कप जिंकणार तो कसा? गोऱ्यांबरोबर आपल्या लोकांनाही घेणारा क्लब म्हणून १९१८ साली विलिंग्डन निघाला, हा इतिहास आहे.

बिनकामाचा_बाब्या:
विलिंग्डनला गोल्फ खेळतात काकू. वल्ही काय हिरवळीवर मारायची?

दर्यावर्दी:
यॉट म्हणजे शिडं, रोइंग म्हणजे वल्ही. दोन्ही एकत्र कालवू नका. शर्यतीची रोइंगची होडी अंगाने इतकी अरुंद की माणूस जेमतेम मावतो, आणि काठ पाण्याच्या जरासाच वर. मुंबई बंदरात एखादी लाँच बाजूने गेली तरी पाणी आत. या खेळाला नदी किंवा तलाव लागतो. मद्रासचा क्लब १८६७ चा, तो अड्यार नदीवर. तेव्हा केळेवाडी, आधी कपावरचा मजकूर द्या.

कोकणी_मेवा:
जपानी येतील म्हणून सरकारने १९४२ ला होड्या जप्त करून फोडल्या होत्या. तुमच्या क्लबाचंही तेच झालं असणार.

खडूस_काकू:
अहो मेवा, ते बंगालात. दहापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या होड्या काढून घेतल्या आणि कोळ्यांच्या, नावाड्यांच्या पोटावर पाय आला. ते मुंबईच्या माथी मारू नका.

कोकणी_मेवा:
मुंबईत काय कमी झालं? १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया गोदी, फोर्ट स्टिकिन जहाज. एकाच जहाजात कापसाच्या गासड्या, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा! चारनंतर पहिला स्फोट, अर्ध्या तासात दुसरा. एक वीट तर उडून एका पारशी गृहस्थांच्या घरात पडली आणि त्यांनी ती परत केली. आमच्या घरी मशीद बंदरच्या गोष्टी अजून निघतात.

दर्यावर्दी:
मेवा, वेगळा धागा काढा, मी स्वतः प्रतिसाद देईन. केळेवाडी आहात का?

केळेवाडी:
आहे हो, ऑफिसात होते. कपाची कड चेपलीय, आजी त्यात सुया-दोरे ठेवायची, त्यामुळे आत ओरखडे. बाहेर इंग्रजीत 'रेगाटा १९३९', खाली 'फोर्स', त्याखाली 'बो'. पुढे क्लबचं नाव असावं, पण घासून घासून फक्त 'सी', 'ई' आणि शेवटी 'बोट क्लब' एवढंच लागतंय. बो हे कुणाचं आडनाव आहे का? आजोबा बी.ई. बॉम्बे होते, १९४० ला पीडब्ल्यूडीत लागले. आयुष्यभर गिरगावात राहिले.

दर्यावर्दी:
रेगाटा म्हणजे होड्यांच्या शर्यती. फोर्स म्हणजे चार वल्हेकऱ्यांची होडी. बो म्हणजे नाळेकडे बसणारा. तिथे सहसा हलक्या अंगाचा गडी बसवतात. आता मुद्द्याचं: बी.ई. कुठून?

केळेवाडी:
लिहिलं ना, बॉम्बे युनिव्हर्सिटी.

खडूस_काकू:
बाई गं! पुणे विद्यापीठ १९४९ चं. त्याआधी पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजची डिग्रीही मुंबई विद्यापीठच द्यायचं. त्या काळात स्थापत्याचं बी.ई. म्हणजे पुणे, नाहीतर थेट कराची. आजोबा पुण्याला हॉस्टेलवर होते का?

केळेवाडी:
हो, शिकायला पुण्यालाच होते, त्यात काय विशेष? सुट्टीला घरी यायचे. मी क्लबचं विचारतेय.

दर्यावर्दी:
तोच क्लब! सी म्हणजे कॉलेज, ई म्हणजे इंजिनिअरिंग. सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब, १९२८ चा, मुळा-मुठेच्या संगमाजवळ. त्यांचं रेगाटा प्रसिद्ध आहे. आणि १९४० ला नोकरी लागली, तर १९३९ नंतर कप नाहीत याला हिटलर कशाला हवा? पास होऊन बाहेर पडले असतील.

बिनकामाचा_बाब्या:
पुण्यात रॉयल कनॉट बोट क्लबही आहे. बोट क्लब रोड त्याच्याच नावाचा.

खडूस_काकू:
त्यात 'ई' कुठे बसवणार बाब्या?

केळेवाडी:
बरं, पण युद्धात क्लब चालू होता का? फलकावर एक ओळ हवी.

खडूस_काकू:
त्यासाठी कॉलेजचीच जुनी मासिकं चाळा. वर्तमानपत्रांवर भिस्त नको. युद्धात कागदावर नियंत्रण आलं, पानं घटली. त्यात खेळाची बातमी नाही म्हणून खेळ झाला नाही असं होत नाही. आजोबांचं डिग्रीचं वर्ष मुंबई विद्यापीठाच्या जुन्या कॅलेंडरात, म्हणजे वार्षिक पुस्तिकेत बघा. रविवारपर्यंत जमणार नाही. फलकावर १९३९ लिहा आणि युद्धाची ओळ गाळा.

कोकणी_मेवा:
कप टूथपेस्टने घासा, नाव लख्ख दिसेल.

दर्यावर्दी:
मुळीच घासू नका! उरलेली दोन अक्षरंही जातील. पातळ कागद ठेवून वर पेन्सिल आडवी फिरवा आणि तो कागद इथे टाका.