नेगिशीला बिचारा म्हणणं थांबवा : 'डेट्रॉइट मेटल सिटी'वरून

कॅसिओवाला
परवा इथे एकाने लिहिलं की 'डेट्रॉइट मेटल सिटी' ही जपानी चित्रकथा (मांगा, आणि तिच्यावरची कार्टून मालिका म्हणजे अ‍ॅनिमे) बाजारापुढे मान तुकवलेल्या कलाकाराची शोकांतिका आहे. तिचा नायक नेगिशी, त्याचं खरं संगीत म्हणजे ती गोड-गोड पॉप गाणी, आणि स्टेजवर तो जो सैतानी गायक क्राउझर होतो, तो पोटासाठी चढवलेला मुखवटा. दोन दिवस डोक्यात तेच घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो.

ओइताच्या खेड्यातला पोरगा टोकियोला कॉलेजला येतो. डोक्यात शिबुया-केइ (टोकियोतलं हलकंफुलकं पॉप), स्वीडिश पॉप, कॅफेत बसून गिटार वाजवायची स्वप्नं. प्रत्यक्षात तोंडाला पांढरा रंग फासून, कपाळावर 'ठार मार' अर्थाचं अक्षर रेखून डेथ मेटल, म्हणजे गुरगुरत्या आवाजातलं कर्कश रॉक, गातो. इथवर सगळ्यांना कळतं. पण त्याची ती हळुवार गाणी कुणी नीट ऐकली आहेत का? ती बेतास बात आहेत. रस्त्यावर उभा राहून गातो तेव्हा लोक थांबत नाहीत, आणि त्यात लोकांची चूक नाही. उलट राग आला, अपमान झाला की त्याच्या तोंडून जे निघतं त्याला ताल असतो, जोर असतो, आयत्या वेळी शब्द सुचतात. मांगाकार वाकासुगींनी 2005 ते 2010 दहा खंडांत हेच परत परत दाखवलंय की या माणसाची कला तिथे आहे जिथे त्याला ती नको आहे. याला लाचारी म्हणत नाहीत.

मी अकरा वर्षं बेंजो पार्टीत कॅसिओ वाजवतोय आणि दर गुरुवारी मठात भजनाला पेटीवर बसतो. ओळखीचे लोक खांद्यावर हात टाकून म्हणतात, 'पेटी हे तुझं खरं, बाकी काय, पोटासाठी.' त्यांना वाटतं कौतुक करतायत. एकदा हळदीला रात्री दीड वाजता, मागे जनरेटरचा धूर, पॅडवाल्याची बोटं सुजलेली, आणि मी एक कोळी धून लावली. सत्तरीची एक आजी मांडवाच्या कडेला आली, चपला काढून बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि नाचायला उतरली. तेव्हा मी जे वाजवलं ते खोटं होतं असं कुणी म्हणू नये.

मंद्रषड्ज
लेख मनापासून आहे, पण मूळ गृहीतकच पटत नाही. क्राउझर जे करतो त्याला गाणं का म्हणायचं? स्वर नाही, आवाज लावणं नाही. घसा फाडून ओरडणं आणि गाणं यातला फरक आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. तीस वर्षं शिकवतोय. माझ्या एका विद्यार्थ्याने हौसेने असलं काहीतरी सुरू केलं आणि स्वरतंतूंवर गाठी आल्या. वर्ष वाया गेलं.

डबलबेस_अंबरनाथ
बुवा, तुमचा मान राखून सांगतो, हे चूक आहे. ग्राउल, डेथ मेटलमधलं ते गुरगुरणं, म्हणजे घसा फाडणं नाही. त्यात मुख्य काम खऱ्या स्वरतंतूंच्या वर ज्या घड्या असतात, ज्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्यांचं असतं. दम पोटातून. ओरडून केलंत तर दहा मिनिटांत घसा बसेल, म्हणजेच ते चुकीचं केलंत. तिबेटी लामांचं खर्जातलं पठण आणि मंगोलियालगतच्या तुवा प्रांतातलं कार्गिरा गाणं याच घड्या वापरून होतं. त्याला कुणी घसा फाडणं म्हणत नाही.

मी हे उशीत तोंड खुपसून शिकलो. चाळीत दुसरा उपाय नव्हता. एकदा आई ओव्याचा काढा घेऊन आली, तिला वाटलं मला उलट्या होतायत. 2008 च्या फेब्रुवारीत आयर्न मेडन हा ब्रिटिश मेटल बँड मुंबईत बीकेसीला आला तेव्हा घरी 'क्लासला जातो' सांगून गेलो होतो. दुहेरी आयुष्य म्हणजे काय ते मला नेगिशीने शिकवायची गरज नव्हती.

मंद्रषड्ज
लामांचं पठण ऐकलंय. ती साधना आहे. त्यामागे गुरू आहे, वर्षानुवर्षं आहेत. त्याची तुलना उशीशी करू नका.

डबलबेस_अंबरनाथ
सहा वर्षं रोज पहाटे केलं. गुरू मिळाला नाही कारण आपल्याकडे कुणी शिकवत नव्हतं. हा माझा दोष का? आणि गाठींचं म्हणाल तर त्या शास्त्रीय गाणाऱ्यांना येत नाहीत का? शाळेतल्या बाईंना येतात!

मंद्रषड्ज
रियाजाबद्दल मला शिकवू नका.

पावसाळी
दोघंही जरा शांत व्हा. मुद्द्याचं बोलते. 2008 च्या अ‍ॅनिमेत नेगिशीला आवाज दाइसुके किशिओंचा आहे आणि क्राउझरला युजी उएदांचा. एकाच पात्राला दोन कलाकार! म्हणजे करणाऱ्यांनीच ही दोन माणसं मानली आहेत. कॅसिओवाला दादांचं 'दोन्ही तोच' इथे अडतं.

कॅसिओवाला
उलट आहे. दोन आवाज दिलेत म्हणूनच गंमत कळते. साधा नेगिशी चिडून मध्येच क्राउझरसारखं बोलून जातो, आणि वेषातला क्राउझर आतून रडकुंडीला आलेला असतो. दोन वेगळी माणसं असती तर गळती झाली असती का? बारा छोट्या भागांत सगळा विनोद त्या गळतीवर उभा आहे.

मंद्रषड्ज
मघाशी तुटकपणे लिहिलं. गाठी मला स्वतःला आल्या होत्या, चौतिसाव्या वर्षी. सहा आठवडे मौन. पाटीवर लिहून बोलायचो, मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, तिला वाचता येत नव्हतं. म्हणून घसा म्हटलं की माझा तोल जातो. तुमचं तंत्राबद्दलचं म्हणणं असेल बरोबर. ते गाणं आहे हे मात्र अजूनही मान्य नाही.

डबलबेस_अंबरनाथ
नका करू मान्य. 'आवाज लावणं नाही' हे तेवढं मागे घ्या.

मंद्रषड्ज
घेतलं.

नीरजा_पुणे
सगळं वाचलं. घशावर इतकी चर्चा झाली, तो घसा काय बोलतो यावर एकाचंही एक वाक्य नाही.

क्राउझरच्या गाण्यांत खून आहेत आणि बलात्कार आहेत. एका सेकंदात तो शब्द दहा वेळा उच्चारतो म्हणून चाहते त्याला देव मानतात. टोकियो टॉवरवर तो काय करतो ते इथे लिहवत नाही. मला माहितीय, विनोद चाहत्यांवर आहे. तो धडपडला तरी त्यांना त्यात अवतारकार्य दिसतं, हे मलाही कळतं. हॉस्टेलवर आम्ही नऊ जण एका लॅपटॉपसमोर बसून हे बघत होतो, मुली दोघी. टॉवरच्या प्रसंगाला मुलं गादीवर लोळून हसली. त्यातल्या एकाने पुढे महिनाभर तो शब्द येता-जाता वापरला, मेसमध्ये डाळ पातळ झाली तरी. मी सांगितलं तेव्हा म्हणाला, 'अगं, कॅरेक्टरमध्ये आहे.'

आता कॅसिओवाला दादा, तुम्हाला विचारते. क्राउझर खोटा नाही, मुखवटा नाही, तोही नेगिशीच, असं तुम्ही म्हणता. मला पटतंय. मग ते शब्दही नेगिशीचेच झाले ना? कला त्याची म्हणायची आणि शब्द तेवढे पात्राचे, असं कसं चालेल?

डबलबेस_अंबरनाथ
ताई, डेथ मेटलमध्ये बीभत्स शब्द पहिल्यापासून आहेत, भयपटासारखे. कुणी ते शब्दशः घेत नाही.

नीरजा_पुणे
डाळीवरून बोलणाराही हेच म्हणाला होता.

पावसाळी
नीरजा, तुझं खरं असलं तरी भावाचा भाग विसरू नकोस. गावी धाकटा भाऊ क्राउझरचा भक्त होऊन हाताबाहेर गेलेला, घरच्यांचं ऐकेना. नेगिशी साधेपणाने समजावतो, उपयोग शून्य. मग तोच वेष चढवून समोर उभा राहतो आणि त्याला घरच्या कामाला लावतो. सैतानाच्या धाकाने पोरगा आईबापांना मदत करायला लागतो.

नीरजा_पुणे
तो माझाही सगळ्यात आवडता भाग आहे. म्हणून तर राग येतो. त्या भागात क्राउझरला कळतं की समोरचा आपलं बोलणं खरं मानतोय, आणि तो ते जपून वापरतो. बाकी वेळी ते भान का नाही?

कॅसिओवाला
कालपासून उत्तर लिहितोय आणि खोडतोय.

नीरजा, 'शब्दही त्याचेच' हा मुद्दा मला सुचला नव्हता. माझ्याच म्हणण्यातून तो निघतो, त्यामुळे टाळता येत नाही. अ‍ॅनिमे मला तरीही आवडतं, टॉवरचा प्रसंग सोडून.

एक सांगतो. आमच्याकडे एक डबल मीनिंगचं गाणं आहे, सुपारी घेतानाच लोक विचारतात, 'ते वाजवता ना?' दोन वर्षांपूर्वी नात्यातल्याच हळदीत ते लावलं. माझी भाची, सातवीतली, पुढे नाचत होती. दुसऱ्या ओळीला मागच्या पोरांनी तिच्याकडे बघून शिट्टी मारली. ती थांबली आणि वळून बघितलं ते माझ्याकडे. पोरांकडे नाही. मी वाजवत राहिलो, कारण मध्ये थांबलं की पार्टीची बदनामी होते. घरी आल्यावर मी स्वतःला सांगितलं, गाणारा दुसरा आहे, शब्द दुसऱ्याचे आहेत, मी फक्त कॅसिओवर.

आता ते गाणं मागितलं की मी नुसती धून वाजवतो, गाणाऱ्याला माइक बंद ठेवायला सांगतो. गेल्या मोसमात त्यावरून दोन सुपाऱ्या गेल्या. पार्टीचा मालक अजून नीट बोलत नाही.

नीरजा_पुणे
भाची येते का आता तुमच्या कार्यक्रमाला?

कॅसिओवाला
हळदीला नाही. गुरुवारी मठात येते, टाळ घेऊन मागे बसते.

मंद्रषड्ज
भावाचा भाग कितवा आहे? बघायचा आहे.