जुलैतला लोहगड की सबमिशन? पुण्यातल्या इंजिनिअरिंगवाल्यांनो बोला

पावसाळी_बेडूक
डायरेक्ट बोलतो, पटलं नाही तर भांडा. पुण्यात शिकायला यायचं आणि जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार रूमवर लोळून घालवायचे याच्यासारखा येडेपणा नाही. शिवाजीनगरवरून सकाळची लोणावळा लोकल, मळवलीला उतरा, भाजे गावातून चालत लोहगड, विंचूकाट्यावर (गडाची लांब निमुळती सोंड) धुक्यात अर्धा तास बसा, संध्याकाळच्या लोकलने परत. खर्च म्हणजे तिकीट, वडापाव आणि दोन चहा. इनसेम म्हणजे सेमच्या मधली परीक्षा ३० चीच असते, गंडली तरी एंडसेमचे, म्हणजे शेवटच्या परीक्षेचे, ७० आहेत की. आणि रूमवर थांबणारे कुठे अभ्यास करतात, दिवसभर रील्स.

केटी_नको_देवा
"७० आहेत की" म्हणे 😂 भावा एम थ्रीला (मॅथ्सचा तिसरा पेपर) इनसेमला ८ पडले की एंडसेमला ३२ लागतात, ते पण नुसतं काठावर सुटायला. नाही सुटला तर पुढच्या सेमचे विषय अधिक हा एक, आणि थर्ड इयरला पोचल्यावर कळतं की लाइव्ह बॅकलॉग, म्हणजे अजून न सुटलेला विषय, असेल तर बऱ्याच कंपन्या टेस्टलासुद्धा बसू देत नाहीत. तेव्हा विंचूकाट्यावरचा फोटो दाखव एचआरला.

पेन्सिल_तुटली
दोघंही चुकीच्या ठिकाणी भांडताय. आमचा वेळ ना ट्रेक खातो ना अभ्यास, तो खातात राइटअप, म्हणजे सबमिशनला द्यायचे प्रॅक्टिकलचे हाताने लिहिलेले रिपोर्ट. सिनियरची मागच्या वर्षीची फाइल मधे ठेवायची, भोवती चौघं बसायचं, एकाने आकृत्या काढायच्या, एकाने ग्राफ, आणि ऑब्झर्वेशन टेबलमधले आकडे प्रत्येकाने दशांश पॉइंटनंतर थोडे हलवायचे म्हणजे सरांना सगळ्यांचे सेम दिसणार नाहीत. रात्री दोनपर्यंत हे चालतं, यातून शिकलं काय तर शून्य. आणि मग रविवारी गडावर गेलो की घरचे म्हणतात फिरायला वेळ मिळतो बरा! एवढी रात्र नक्कल करण्यात गेली त्याचा हिशोब कोणीच मागत नाही.

केटी_नको_देवा
मान्य, पण राइटअप शेवटच्या आठवड्यात का येतात? दर आठवड्याला एक लिहून चेक करून घेतला तर सबमिशनला नुसती सही उरते. आमच्या बॅचमधे दोघी तसं करतात आणि त्या ट्रेकलाही जातात, गुपचूप, स्टेटस न टाकता.

गेट_बंद
मुलांचा बॅलन्स वेगळा आणि आमचा वेगळा हे पण लिहा की कुणीतरी. तुमची लोकल चुकली तर तुम्ही स्टेशनवर पसरता. आमच्या मुलींच्या हॉस्टेलचं गेट बंद झालं की वॉर्डन मॅडम आधी घरी फोन लावतात, मग आत घेतात. त्यामुळे परतीची लोकल धरायची म्हणून गडावर पोचल्या पोचल्या उतरायला लागायचं. मला अभ्यासाचं टेन्शन कमी आणि घड्याळाचं जास्त असतं. तरी जाते, कारण आठवडाभर मेस ते कॉलेज ते मेस एवढंच केलं तर डोकं फुटेल.

बाप_बीडकर
मुलगा पुण्यात सेकंड इयरला आहे म्हणून हे वाचतोय. फिरू नका असं नाही म्हणणार, आमच्या वेळी आम्हीही तुळजापूर-नळदुर्ग केलंय. पण रूमभाडं, मेस, फी हे सगळं सोयाबीनच्या भावावर आणि बँकेच्या कर्जावर चालतं हे पोरांना माहीत असावं. आणि दुसरं, ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच घरातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ आम्ही गावाकडे पाहिला. तेव्हापासून पोरगा फोन उचलेना झाला की आमच्या मंडळी देवापुढे बसतात. फिरून आल्यावर स्टेटसवर कळतं की हे लोहगडला होते.

पावसाळी_बेडूक
काका तुमचं खरंय, पण लोहगडला पायऱ्या आहेत, आम्ही पाण्यात उतरतच नाही. आणि सांगून जायचं तर आधी "अभ्यास झाला का" यावर अर्धा तास लेक्चर, म्हणून पोरं सांगत नाहीत.

गेट_बंद
पायऱ्या आहेत म्हणे! पावसाळ्यातल्या रविवारी गेलायस ना? महादरवाज्यात वर जाणारे आणि खाली येणारे समोरासमोर अडकतात, शेवाळलेल्या पायरीवर उभं राहायचं आणि मागून कोणीतरी स्पीकर लावून ढकलतंय. शांत गड पाहिजे तर गुरुवारी जा.

केटी_नको_देवा
गुरुवारी जा आणि ७५ टक्के अटेंडन्स कोण भरणार, तुझ्या वॉर्डन मॅडम? मग डिटेन लिस्टमधे (अटेंडन्स कमी म्हणून परीक्षेला बसू न देण्याची यादी) नाव आलं की मेडिकल सर्टिफिकेट शोधत फिरायचं.

पेन्सिल_तुटली
अटेंडन्सवर वेगळा धागा काढा, त्याचं रडगाणं इथे मावणार नाही 🙏

बाप_बीडकर
बेडूकराव, लेक्चर देणार नाही, शब्द देतो. कुठल्या गडावर चाललाय आणि सोबतच्या एका पोराचा नंबर, एवढा मेसेज निघताना घरी टाकायचा. अभ्यासाचं मी रिझल्ट लागल्यावर विचारीन.

पावसाळी_बेडूक
काका डन. पण हे आमच्या पप्पांना कोण सांगणार?