‘सामान्य सभासद’ म्हणजे नक्की कोण?

सेक्रेटरी: रविवारी सकाळी 10 वाजता वार्षिक सर्वसाधारण सभा. सामान्य सभासदांनी वेळेवर हजर राहावे. इमारतीच्या रंगाबाबत कौल घेतला जाईल.

ए-402: सामान्य सभासद? मग असामान्य कोण, कमिटी का? 😀

सेक्रेटरी: काकू, तसं नाही हो. नेहमीचा शब्द आहे.

बी-101: नेहमीचा आहे म्हणूनच बोचतो. ‘सामान्य’ म्हणजे मुळात सगळ्यांत समान असलेलं. ‘साधारण’चंही तेच. आता कुणी म्हणू दे, ‘मुलगा अभ्यासात साधारण आहे’, आईचं तोंड उतरलंच.

सी-303: आजोबा, मग ‘रयत’ लिहायचं का? भारदस्त वाटतं.

बी-101: अरबीतून आलाय तो. मूळ अर्थ राखणीतला कळप! मग आपण मेंढरं आणि सेक्रेटरी धनगर. पण 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी तोच शब्द आपल्या शिक्षण संस्थेच्या नावात घेतला. आता ‘रयत’ म्हटलं की कळप कुणाला आठवतो?

ए-204: आमच्या सासूबाईंचा शब्द ‘चारचौघं’. चारचौघांत शोभेल असं वागा. हे चौघं कोण, ते 22 वर्षं झाली, मला भेटले नाहीत.

ए-402: खांदा देणारे असतील गं 🙈

सी-303: आणि नको ते चौघं आले की सोम्यागोम्या!

ए-204: अगदी! आपल्या बाजूने बोलले तर जनता जनार्दन, विरुद्ध गेले तर बाजारबुणगे. माणसं तीच.

सेक्रेटरी: विषय रंगाचा आहे, कृपया. मतदान होणारच. पाचामुखी परमेश्वर.

सी-303: लॅटिनमध्येही अशीच म्हण आहे, लोकांचा आवाज तो देवाचा आवाज. पण आठव्या शतकाच्या शेवटी आल्क्विन नावाच्या विद्वानाने शार्लमेन राजाला पत्रात लिहिलं होतं, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, गर्दीचा गोंगाट वेडाच्या फार जवळ असतो. बिचाऱ्याने खोडायला म्हण लिहिली आणि लोकांनी तेवढीच लक्षात ठेवली.

ए-402: आपल्या ग्रुपचा गोंगाट बघितला असता त्याने!

बी-101: मला मात्र नोटिशीतला ‘कौल’ आवडला. (छपरावरचं कौल नव्हे, ते वेगळं.) हाही अरबी, म्हणजे बोल, वचन. पूर्वी कौल सरकार द्यायचं आणि रयत घ्यायची: जमीन कसा, इतकाच सारा घेऊ, त्रास देणार नाही. तो लेखी कागद म्हणजे कौलनामा. पुढे मूर्तीला फूल लावून, ते कुठल्या बाजूला पडतं ते बघून देवाचाही कौल घेऊ लागले. आणि आज निवडणुकीत कौल देते ती जनता. सरकार हात पसरून उभं! एका शब्दाने अशी कोलांटउडी मारलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

ए-204: आजोबा, हे सभेत सांगा. निदान कोरम तरी होईल.

सेक्रेटरी: नोटीस दुरुस्त केली. ‘सर्व सभासदांनी वेळेवर हजर राहावे.’ चालेल?

ए-402: आता कसं! पण रंग कुठला ते लिहिलंच नाहीत.

सेक्रेटरी: तो तर तुम्ही ठरवायचा, काकू.

ए-402: मग पिवळा सोडून कुठलाही.

सी-303: मी पिवळाच म्हणणार होतो 😐