शब्दचर्चा: पानगळीच्या दिवसांना काय म्हणावं?

प्रश्न: थंड देशातल्या एका खेड्यातल्या बागेवरचा लेख मराठीत आणायचा आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबरचा काळ, पानं पिवळी-तांबडी होऊन पडताहेत. 'शरद' लिहावं, 'शिशिर' की 'पतझड'? पडलेली पानं म्हणजे पाला की पाचोळा?

देठ: शिशिर नको. तो माघ-फाल्गुनात येतो. आपल्याकडची बरीच झाडं त्या सुमारास उघडी पडतात, म्हणून शिशिर आणि पानगळ ही जोडी डोक्यात बसलेली असते. लेखातल्या बागेत तोवर सगळं आटपलेलं असेल. महिन्यांच्या हिशेबाने शरद जवळचा. २२-२३ सप्टेंबरला, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, 'शरद संपात' म्हणतातच. पण शरद म्हटलं की वाचकाला चांदणं आठवतं, गळती पानं नाहीत. म्हणून शीर्षकात शरद ठेवा, मजकुरात 'पानगळीचे दिवस'. पतझड हिंदी आहे. पानगळ आणि पानझड हाताशी असताना ती उसनवारी कशाला?

आळं: पाला हिरवा असतो, शेळीपुढे टाकतात तो. वाळून गळलेला तो पाचोळा. उसाचं मात्र पाचट. हा फरक खताच्या ढिगात लगेच कळतो, कारण पाला नत्र (नायट्रोजन) पुरवतो आणि पाचोळा कर्ब (कार्बन). कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ हवं; अंदाजाने पाचोळ्याचे दोन-तीन भाग आणि हिरव्याचा एक. नुसता पाचोळा रचला तर ढीग तापत नाही. बुरशी तो सावकाश कुजवते आणि वर्ष-दोन वर्षांत भुसभुशीत, काळपट 'लीफ मोल्ड', म्हणजे पानांचं खत होतं. कोरडा राहिला तर कुजणं थांबतं. ओला होऊन दबला तर पानं एकमेकांना चिकटतात, हवा खेळत नाही आणि आंबूस वास सुटतो. चिवट पानं आधी चुरडा. ठिपके पडलेली रोगट पानं वेगळी काढा. थंड ढिगात रोगाचे बीजाणू टिकून राहतात.

कानामात्रा: 'पानांचा रंग उडाला' असं लिहू नका. हरितद्रव्य मोडतं, तेव्हा आधीपासून असलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा तर बहुधा त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. मराठीत पान 'पिकतं', फळासारखं आणि केसांसारखं. गळण्याआधी देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सुटा होतो, म्हणून पान तुटत नाही, सुटतं. मोडलेल्या फांदीवर हा थर तयारच होत नाही. पानं वाळून तशीच लटकतात. तिथे 'गळली' चूक.

प्रश्नकर्ता: म्हाताऱ्या माळ्याबद्दल 'इतके शरद पाहिलेला' असं आहे. तिथे 'पावसाळे'?

देठ: संस्कृतात शरद् म्हणजे वर्षही, 'जीवेत् शरदः शतम्' त्यातलंच. वेदांत 'शतं हिमाः' अशी थंडीवरूनही मोजणी आहे. मराठी माणूस पावसाळे मोजतो, पण त्या बागेत पाऊस बारमाही असेल तर ते खोटं वाटेल. 'इतक्या पानगळी पाहिलेला' लिहा, अर्थ पोचतो.

आळं: 'पानगळ'ला क्रियापद 'होणे' किंवा 'सुरू होणे' ठेवा. 'पानगळ करणे' शेतीत वेगळं: डाळिंबाचा बहार धरताना, म्हणजे झाडाला ठरावीक वेळी फुलं आणताना, पाणी तोडून, फवारणी करून पानं मुद्दाम पाडतात ती.