फवारणीच्या सुरक्षा-पत्रकाची मांडणी कशी करावी? मदत हवी आहे

नमस्कार. कापूस पट्ट्यात फवारणी करणाऱ्यांसाठी एका पानाचे सुरक्षा-पत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले असून, त्याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

कीटकनाशकाच्या डब्यावरील चौकोनाच्या खालच्या भागात लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग असतो आणि ही विषारीपणाची उतरती श्रेणी आहे. खरी अडचण हिरव्याची आहे. खाद्यपदार्थांच्या पाकिटावरील हिरवा ठिपका शाकाहाराची खूण म्हणून रोज पाहणाऱ्या आणि शिवारात हिरवे ते चांगले मानणाऱ्या माणसाला तो रंग ‘निर्धोक’ असेच सुचवतो. प्रत्यक्षात तेही विषच, केवळ कमी तीव्र. (रंग ठरवताना डबा उघडणाऱ्याचा विचार कितपत झाला, कोण जाणे!)

शिवाय डबा विकत घेतो मालक आणि पंप पाठीवर घेतो मजूर, त्यामुळे ‘हातमोजे वापरावेत’ ही सूचना नेमकी कोणाला आहे, हेच स्पष्ट होत नाही. म्हणून मालकासाठी ‘मजुराला हातमोजे आणि मास्क द्या’, तर मजुरासाठी ‘वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका’ असे दोन स्वतंत्र भाग करण्याचा माझा विचार आहे.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने झालेल्या मृत्यूंचा उल्लेख मथळ्यातच करावा, की त्या धास्तीने पत्रक वाचलेच जाणार नाही? आणि हिरव्या रंगाचा गैरसमज चित्रातून कसा दूर करता येईल? शेतकऱ्यांसाठी असे साहित्य तयार केलेल्यांनी कृपया अनुभव कळवावा.