मदत हवी आहे: माल्टा, हायपोजियमची तिकिटं संपली, आता काय करू?

रानजाई:
जरा अर्जंट आहे. विमान, हॉटेल सगळं बुक झालंय आणि आज हायपोजियमची साइट उघडली तर आमच्या सगळ्या तारखा फुल्ल. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, जमिनीखाली कोरलेलं ते ५००० वर्षांपूर्वीचं दफनस्थळ बघायचं म्हणूनच माल्टा ठरवलं, नाहीतर आम्ही ग्रीसला जाणार होतो. तिकीट मिळायचा काही मार्ग आहे का? आणि नाहीच मिळालं तर जवळच्या बेटांपैकी गोझो करू की कोमिनो? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज लवकर सांगा.

घाटवाट:
महिना कुठला? किती दिवस? राहताय कुठे, स्लीमाला की आणखी कुठे? बाबांबरोबर अजून कोण? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

पाऊलखुणा:
माल्टा छोटं आहे हो, त्यापेक्षा सिसिली करा. राजधानी व्हॅलेटाहून सिसिलीच्या पोझाल्लोला बोट जाते, दोन तासही लागत नाहीत. सिराक्युजचं ग्रीक थिएटर बघून बाबा खूश होतील.

समुद्रफेस:
सिसिलीचं कोणी विचारलंय का? रानजाई, तिकिटाचा मार्ग आहे. हायपोजियममध्ये एका वेळी दहाच माणसं सोडतात, दिवसाला साधारण ८०, कारण माणसांच्या श्वासाने आतली हवा दमट होते आणि भिंतीवरचा गेरूचा रंग खराब होतो. म्हणून ऑनलाइन तिकिटं महिनामहिना आधी जातात. पण दुपारी १२ आणि ४ च्या फेरीची तिकिटं आदल्या दिवशी व्हॅलेटाच्या फोर्ट सेंट एल्मोच्या खिडकीवर मिळतात, नेहमीपेक्षा महाग असतात आणि जो आधी येईल त्याला. खिडकी उघडायच्या आधीच रांगेत उभे राहा. गोझोच्या म्युझियममध्येही मिळतात.

रानजाई:
खूप खूप आभार!! ऑक्टोबरमध्ये जातोय, शुक्रवारी दुपारी पोचणार, मंगळवारी सकाळी परत. हॉटेल बुजिब्बाला. आई पण आहे, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, जिने जमत नाहीत.

घाटवाट:
हे आधी सांगायचं ना! मग आईला हायपोजियममध्ये नेऊ नका, आत अरुंद पायऱ्या आहेत आणि ओल असते. बाबा आणि तुम्ही जा, आईला त्या वेळात व्हॅलेटात आरामात बसू दे. अप्पर बराक्का बागेत बाक आहेत, समोर अख्खं ग्रँड हार्बर, दुपारी १२ ला तोफ उडते. त्याच बागेतून लिफ्टने खाली धक्क्यावर उतरता येतं, तिथून छोट्या बोटीने समोरच्या काठावरच्या बिर्गू गावाला जा, एकही जिना नाही. १५६५ च्या तुर्कांच्या वेढ्यात नाइट लोकांचं (तेव्हा माल्टावर राज्य करणारे ख्रिस्ती योद्धे) मुख्य ठाणं बिर्गू होतं, व्हॅलेटा त्यानंतर बांधायला घेतलं, १५६६ मध्ये. बाबांना हा क्रम माहीतच असेल.

चाकरमानी:
सरळ गाडी भाड्याने घ्या. माल्टात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, आईला बसची वाट बघायला लागणार नाही. बसेसना गर्दी असते आणि भरली की स्टॉपवर थांबत पण नाहीत.

समुद्रफेस:
गाडीचा सल्ला अजिबात देऊ नका. व्हॅलेटात आत शिरलं की कॅमेऱ्यावर नोंद होऊन चार्ज लागतो आणि पार्किंग शोधण्यात सकाळ जाते. आई आहे तिथे टॅक्सी अ‍ॅप वापरा, बाकी बस.

चाकरमानी:
व्हॅलेटात गाडी न्या असं कुठे म्हटलंय मी? हाजर ईमच्या प्राचीन देवळांना जायला म्हणतोय. तिथे बसचे हाल बघितलेत का तुम्ही, अर्धा तास उन्हात उभं राहायचं.

कवडसा:
गोझोला जाऊन अ‍ॅझ्युअर विंडो नक्की बघा, समुद्रातली दगडी कमान, फोटो अप्रतिम येतात.

घाटवाट:
कवडसा, ती कमान ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली. तिथे आता फक्त समुद्र आहे.

पाऊलखुणा:
माहितीसाठी, १८७८ मध्ये रशियाशी युद्ध होईल म्हणून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून काही हजार सैनिक माल्टात आणले होते, त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणी पण होत्या. बाबांना सांगा, आवडेल.

रानजाई:
हे बाबांना आत्ताच वाचून दाखवलं, लगेच वही काढून बसलेत. पण गोझो की कोमिनो हे राहिलंच.

समुद्रफेस:
गोझो. कोमिनोच्या ब्लू लगूनला सावलीच नाही, खडकांवरून उतरायचं, आईला त्रास होईल. बुजिब्बाहून चिर्केवाचा धक्का जवळ आहे, फेरी २५ मिनिटांत गोझोच्या इमजारला सोडते, जाताना तिकीट काढायचंच नाही, येताना घेतात. तिथली जगान्तीयाची देवळं पिरॅमिडच्या आधीची आहेत आणि रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे. हायपोजियमचं तिकीट हुकलं तरी व्हॅलेटाचं पुरातत्त्व म्युझियम चुकवू नका, तिथे ‘स्लीपिंग लेडी’ आहे, हायपोजियममध्येच सापडलेली, कुशीवर झोपलेल्या बाईची मातीची मूर्ती, जेमतेम हाताच्या पंजाएवढी, पण तिच्या स्कर्टच्या चुण्यासुद्धा दिसतात. मी काचेसमोरून हललेच नव्हते.

भाकरतुकडा:
जेवणाचं कोणी बोलतच नाहीये. पास्तिझ्झी खा, म्हणजे सारण भरलेली खुसखुशीत पेस्ट्री, रिकोटा चीजची किंवा मटाराची, स्वस्त आणि गरमागरम. शाकाहारी असाल तर पिठात चरबी आहे का विचारून घ्या. आणि प्लग आपल्यासारखा नाही, इंग्लंडवाला तीन चौकोनी पिनांचा आहे, अ‍ॅडाप्टर न्या.

घाटवाट:
व्हॅलेटाचं सेंट जॉन्स को-कॅथेड्रल रविवारी पर्यटकांना बंद असतं, त्यामुळे शनिवारी सकाळी एल्मोवरून तिकीट घेतलं की तसेच तिकडे चालत जा. इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जिओने सही केलेलं एकमेव चित्र तिथे आहे, १६०८ चं. आईला सपाट चपला घालायला सांगा, जमिनीवर नाइट लोकांच्या संगमरवरी समाध्या आहेत म्हणून टोकदार टाचा चालत नाहीत. खांदे पण झाकलेले हवेत.

रानजाई:
म्हणजे शनिवारी एल्मो आणि कॅथेड्रल, रविवारी १२ चं हायपोजियम मिळालं तर ते, सोमवारी गोझो. पण रविवारी सकाळी मार्साश्लोकचा मासळीबाजार असतो ना, तो करून १२ पर्यंत पाओलाला, हायपोजियमपाशी, पोचता येईल का, आईला घेऊन?

चाकरमानी:
गाडी असेल तर आरामात.

समुद्रफेस:
गाडी नसली तरी. टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे, फक्त ११ ला बाजारातून निघा. उशिरा पोचलात तर आत घेत नाहीत, त्यात ते फार कडक आहेत.