झडपेच्या ऑपरेशननंतर सिल्डेनाफिल?

एक प्रश्न आलाय की बाळाच्या हृदयाचं छिद्र बुजवल्यावर सिल्डेनाफिल (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) देतात, मग हृदयाची झडप बदललेल्या आईला का नको? दोन्हीकडे फुप्फुसातलाच दाब वाढलेला असतो, पण कारण वेगळं.

मोठ्या छिद्रामुळे बाळाच्या फुप्फुसात जास्त रक्त जातं आणि तिथल्या धमन्या जाड, चिडखोर होतात. ऑपरेशननंतर नळीतून कफ काढतानासुद्धा त्या एकदम आवळू शकतात. म्हणून आयसीयूत ऑक्सिजन, गुंगीचं औषध आणि गरज पडली तर श्वासातून नायट्रिक ऑक्साइड हा धमन्या सैल करणारा वायू. हा वायू झटकन बंद केला की दाब पुन्हा उसळतो, म्हणून वायू सोडवताना सिल्डेनाफिलचा आधार घेतात.

झडपेच्या आजारात मात्र दाब हृदयाच्या डाव्या बाजूकडून मागे तुंबलेला असतो. स्पेनमधल्या सिओव्हॅक चाचणीत (2018) झडप दुरुस्त होऊनही दाब उरलेले 200 रुग्ण होते. ज्यांना सहा महिने सिल्डेनाफिल दिलं, त्यांची प्रकृती औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडली! तेव्हा मेडिकलमधून परस्पर आणू नका. छातीदुखीसाठी सॉर्बिट्रेट चालू असेल तर अजिबातच नाही, बीपी धोकादायक खाली जातं.